'ग्यानबा', 'ज्ञानदेव', 'ज्ञानोबा' : जुन्या नोंदींतील नावांचा गुंता कसा सोडवावा?

बीड - पणजोबांचे नाव ज्ञानोबा. घरात आणि गावात सारे त्यांना याच नावाने ओळखत. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यात मात्र ते 'ज्ञानदेव' झाले आहेत. १९५४-५५ च्या खासरा पत्रकात त्यांची नोंद 'ग्यानबा वल्द इठोबा' अशी आहे, तर सातबारा संगणकावर चढला तेव्हा टंकलेखकाच्या हातून 'ज्ञानबा' उमटले. माणूस एक आणि नावे चार. पणतवाच्या प्रवेशाची मुदत तोंडावर आली की मग प्रश्न उभा राहतो : हे चौघे एकच, हे सिद्ध कसे करायचे?

हे उदाहरण केवळ नमुन्यादाखल असले, तरी बीड जिल्ह्यातील अनेक घरांत नावे बदलून हीच कहाणी ऐकू येते. जुन्या नोंदींचा शोध येथे पूर्वीही होत असे. पण तो प्रामुख्याने जमिनीच्या वाटण्या आणि वारसापुरता. २९ ऑगस्ट २०२३ रोजी जालना जिल्ह्यातील अंतरवाली सराटी येथे उपोषण सुरू झाले आणि मराठवाड्यातील मराठा-कुणबी नोंदींचा प्रश्न ऐरणीवर आला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तहसील, भूमी अभिलेख, शाळा, दुय्यम निबंधक, पोलीस ठाणी अशा अनेक ठिकाणची दप्तरे उघडली. पुढे २ सप्टेंबर २०२५ रोजी हैदराबाद गॅझेटिअरमधील नोंदी विचारात घेण्याची कार्यपद्धती ठरविणारा शासन निर्णय निघाला. त्याचे स्वागत झाले, तसा विरोधही झाला आणि प्रकरण न्यायालयातही गेले. तो वाद आपल्या जागी आहे. मात्र गॅझेटिअरमध्ये समाजाच्या लोकसंख्येचे आकडे असतात, माणसांची नावे नसतात. त्यामुळे एखाद्या कुटुंबाचा धागा जोडायचा तर नावानिशी असलेल्या नोंदींकडेच यावे लागते. आणि तेथे पहिली गाठ पडते ती चुकांशी आणि पाठभेदांशी.

उर्दू, मोडी आणि देवनागरी

या गुंत्याचे मूळ जिल्ह्याच्या इतिहासात आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत बीड हा निजामाच्या हैदराबाद संस्थानाचा भाग होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. म्हणजे एकाच कुटुंबाच्या तीन पिढ्यांची नोंद वेगवेगळ्या राजवटींच्या कारकुनांनी, वेगवेगळ्या लिप्यांत केलेली असते. संस्थानाचा वरिष्ठ कारभार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून उर्दूत चाले. गावपातळीवरील अनेक कागद मोडीत असत. त्यानंतरचे देवनागरीत आले.

उर्दू लिपीत मराठीतील 'ण' आणि 'ळ' या अक्षरांसाठी स्वतंत्र चिन्हे नाहीत. त्यामुळे 'गणपत' हा 'गनपत' होतो, 'बाळा' हा 'बाला' होतो आणि 'माळी' हा 'माली' होतो. ऱ्हस्व स्वर बहुधा लिहिलेच जात नाहीत. 'कुणबी' हा शब्द त्या लिपीत ज्या अक्षरांनी लिहिला जातो, तो वाचणारा 'कुनबी' वाचू शकतो, तसाच 'कनबी'ही. येथे लिहिणाऱ्याने चूक केलेली नसते. स्वर वाचणाऱ्याने भरलेला असतो. 'ब' आणि 'प' यांचा आकार एकच, फरक केवळ नुक्त्यांचा. घाईत नुक्ते गळाले की 'बापू' आणि 'बाबू' वेगळे काढणे कठीण होते.

मोडीचा स्वभाव निराळा. तीत ऱ्हस्व-दीर्घ इकार-उकाराचा भेद पाळला जात नाही आणि दोन शब्दांत जागा सोडलेली नसते. एका माणसाचे नाव कोठे संपले आणि बापाचे कोठे सुरू झाले, हे 'बिन' किंवा 'वल्द' या शब्दावरूनच उमगते. दोन्हींचा अर्थ 'चा मुलगा' असाच. विवाहितेच्या नावापुढे 'जौजे' अथवा 'भ्रतार' लिहून पतीचे नाव दिलेले असते. हे शब्द ठाऊक नसल्यास 'वल्द' हे आडनाव समजले जाण्याचा प्रमाद घडतो.

संक्षेपांचीही तीच गत. 'कु.' ही दोन चिन्हे जातीच्या रकान्यात आली तर त्यांचा अर्थ एक, मुलीच्या नावापूर्वी आली तर कुमारी, आणि 'कु. मु.' अशी आली तर कुलमुखत्यार. सातबाऱ्यावरील 'अ. पा. क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता आणि 'ए. कु. मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. म्हणून कोणत्याही संक्षेपाचा अर्थ लावताना रकान्याचा मथळा आणि त्याच पानावरील इतर नोंदी पाहणे अगत्याचे ठरते. केवळ एका ओळीची छायाप्रत घेऊन घरी येणाऱ्यास हा आधार मिळत नाही. पूर्ण पानाची नक्कल घ्यावी ती यासाठीच.

सनांचा आठ वर्षांचा फेर

नावाखालोखाल घोळ होतो तो सनाचा. संस्थानाच्या महसुली दप्तरात फसली सन असे. दख्खनी फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन मिळतो. मात्र हैदराबादेतील फसली वर्ष ऑक्टोबरात सुरू होत असल्याने जानेवारीनंतरच्या महिन्यांसाठी ५९१ मिळवावे लागतात. फसली १३५७ म्हणजे ऑक्टोबर १९४७ ते ऑक्टोबर १९४८. आजूर, बहमन, खुर्दाद, अमरदाद ही महिन्यांची नावे दिसली की कागद फसली सनाचा आहे, असे ओळखावे.

अडचण अशी की हिजरी सनाचे आकडेही याच सुमाराचे असतात. फसली १३२० म्हणजे इसवी १९१०-११. पण हिजरी १३२० म्हणजे इसवी १९०२-०३. दोहोंत आठ वर्षांचे अंतर पडते. सन चुकीचा धरला तर जन्मापूर्वीच जमीन नावावर झालेला पणजोबा किंवा मृत्यूनंतर साक्ष देणारा खापरपणजोबा वंशावळीत अवतरतो. मग कागद बनावट असल्याचा संशय येतो. वास्तविक कागद खरा असतो, हिशेब चुकलेला असतो.

जन्मतारखांबाबतही सावधगिरी हवी. जुन्या पिढीतील कितीतरी लोकांची शाळेतील जन्मतारीख १ जून आहे. जन्माचा दाखला नसलेल्या मुलाला शाळेत घालताना गुरुजींनी वयाच्या अंदाजाने ती लिहिली, हे सर्वश्रुत आहे. गावच्या जन्म-मृत्यू नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना १४ मध्ये, त्याच मुलाची तारीख वेगळी निघाली तर आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. दोन्ही नोंदी दोन वेगळ्या प्रसंगी, वेगळ्या हेतूने झालेल्या असतात.

गावांचीही नावे बदलली

माणसांप्रमाणे गावांचीही नावे बदलतात. खुद्द बीडचा उल्लेख जुन्या इंग्रजी कागदपत्रांत 'भीर' असा येतो. अंबाजोगाई निजामी काळात 'मोमिनाबाद' होते. माजलगाव जुन्या गॅझेटिअरमध्ये 'मांजलेगाव' असे सापडते. तालुक्यांच्या सीमाही बदलल्या. आज जिल्ह्यात अकरा तालुके आहेत. वडवणी, शिरूर कासार, परळी, धारूर यांसारख्या तालुक्यांतील गावांचे जुने दप्तर पूर्वीच्या तालुक्याच्या नावाखाली असू शकते. आजच्या तालुक्याच्या कचेरीत नोंद मिळाली नाही म्हणून ती नाहीच, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरते. गाव त्या साली कोणत्या तालुक्यात होते, हा पहिला प्रश्न विचारावा.

आडनावांची कथा तर आणखी वेगळी. निजामकाळातील पुष्कळ नोंदींत आडनावच नसते. नाव, बापाचे नाव आणि जात किंवा धंदा एवढेच असते. आडनाव पक्के झाले ते बहुधा शाळेत. थोरल्या भावाने गावकीचे 'पाटील' लावले, धाकट्याने कुळाचे मूळ आडनाव सांगितले आणि तिसरा नोकरीसाठी शहरात गेल्यावर गावावरून 'कर' लावून मोकळा झाला, असे घडले आहे. तीन सख्ख्या भावांची तीन आडनावे हा कागदोपत्री फसवणुकीचा पुरावा नव्हे. मात्र ते सख्खे भाऊ आहेत, हे दाखविणारा चौथा कागद हवा. वारस नोंदवही, म्हणजे गाव नमुना ६-क, आणि फेरफाराची नोंद येथे उपयोगी पडतात, कारण मयताच्या साऱ्या वारसांची नावे तेथे एकत्र येतात.

मुस्लिम कुटुंबांत 'मोहंमद', 'महंमद' आणि नुसते 'मो.' अशी रूपे, तर बंजारा कुटुंबांत 'राठोड' आणि 'राठौड' अशी रूपे आढळतात. विठ्ठल, विठोबा, इठोबा, लक्ष्मण, लखमण, कृष्णा, किसन, द्रौपदी, धुरपता, रुक्मिणी, रखमा हे सारे बोलीतले नित्याचे रूपभेद होत. शोध घेणाऱ्याने जाण्यापूर्वीच अशी संभाव्य रूपे एका कागदावर लिहून न्यावीत. अनुक्रमणिकेत 'ज्ञ' खाली नाव सापडले नाही तर 'ग' खाली पाहण्याचे मग सुचते.

लेकी आणि ऊसतोड मजूर

जुन्या दप्तरांत सर्वाधिक हरवतात त्या स्त्रिया. माहेरचे एक नाव, सासरचे दुसरे आणि नोंदीत बहुधा केवळ 'अमक्याची बायको'. ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या हिंदू वारसा कायद्यातील दुरुस्तीने मुलीला एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. पण हक्क मागताना आपण त्याच घरची लेक आहोत, हे तिला कागदाने दाखवावे लागते. तिचा शाळेचा दाखला असल्यास तो माहेरच्या नावाचा सर्वांत भक्कम दुवा असतो. तो नसेल तर विवाह नोंदणी, भावाच्या वारस नोंदीतील तिचा उल्लेख किंवा जुने हक्कसोडपत्र यांचा आधार घ्यावा लागतो. १ मे २०२४ रोजी व त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय नोंदींत मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव असा क्रम राज्य शासनाने ठरविला आहे. पुढच्या पिढीच्या शोधकार्यास त्याचा लाभ होईल.

बीडची आणखी एक विशेष अडचण म्हणजे ऊसतोडीचे स्थलांतर. दसरा-दिवाळीनंतर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात गेलेल्या मजुरांची कित्येक मुले फडावरच्या कोपीत जन्मली. जन्माची नोंद कायद्याने जन्मस्थळाच्या हद्दीत होते, आईवडिलांच्या गावी नव्हे. त्यामुळे गावच्या ग्रामपंचायतीत नोंद न मिळाल्यास त्या हंगामात टोळी कोणत्या कारखान्यावर होती, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून तेथील ग्रामपंचायतीत शोध घेणे श्रेयस्कर. कर्नाटकातील नोंद कन्नडमध्ये असेल आणि तेथील कर्मचाऱ्याच्या कानाला जसे ऐकू आले तसे नाव लिहिलेले असेल, हेही ध्यानी ठेवावे.

दुरुस्ती कोठे होते?

चूक सापडली की ती 'दुरुस्त करून घेऊ' ही स्वाभाविक प्रतिक्रिया असते. परंतु प्रत्येक नोंदीची दुरुस्ती वेगळ्या कायद्याने होते आणि प्रत्येकीला मर्यादा आहेत.

जन्म-मृत्यूच्या नोंदीतील चूक जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या कलम १५ नुसार निबंधक दुरुस्त करू शकतात. ही दुरुस्ती मूळ नोंदीस हात न लावता समासात, सही व तारखेसह करावयाची असते. सातबाऱ्यावरील लेखनप्रमाद महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ खाली दुरुस्त होतो. हस्तलिखित उताऱ्यात 'ज्ञानोबा' आणि संगणकीकृत उताऱ्यात 'ज्ञानबा' अशी तफावत असेल तर हा मार्ग योग्य. वारस कोण किंवा जमीन कोणाची, हा वाद मात्र या कलमाने सुटत नाही. शाळेच्या जनरल रजिस्टरमधील बदल विद्यार्थी शिकत असताना रीतसर परवानगीने होऊ शकतो. शाळा सोडल्यानंतर माध्यमिक शाळा संहितेने हा मार्ग फार अरुंद ठेवला असून उघड लेखनदोषापलीकडे तेथे सहसा जाता येत नाही. राजपत्रात नाव बदलल्याचे प्रसिद्ध करता येते, पण त्याने यापुढचे नाव बदलते. आजोबांच्या काळातील नोंद बदलत नाही.

निजामकाळातील किंवा १९५० च्या दशकातील नोंद दुरुस्त करण्याच्या फंदात तर पडूच नये. लिहिणारा कारकून हयात नाही, ज्याच्याविषयी लिहिले तोही नाही. तेथे दुरुस्तीची गरज नसून स्पष्टीकरणाची आहे.

खाडाखोडीचा मोह

हा भेद न कळल्याने होणारे नुकसान मोठे आहे. जातीच्या दाव्याचा निकाल २००० च्या जात प्रमाणपत्र अधिनियमानुसार लागतो. दावा सिद्ध करण्याची जबाबदारी कलम ८ अन्वये अर्जदारावर आहे. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० आणि अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० या तारखांपूर्वीचे पुरावे महत्त्वाचे धरले जातात. कागद जितका जुना तितके त्याचे मोल अधिक, कारण तो लिहिला गेला तेव्हा आजच्या लाभाचा विचार कोणाच्या मनात असणे शक्य नव्हते. सर्वोच्च न्यायालयानेही स्वातंत्र्यपूर्व दस्तऐवजांना अधिक पुरावामूल्य असल्याचे म्हटले आहे.

नेमक्या याच कारणाने जुन्या नोंदीत नंतर घुसडलेले एक अक्षरही घातक ठरते. पडताळणी समितीला शंका आल्यास दक्षता पथक मूळ रजिस्टर पाहते. शाई, अक्षरवळण, ओळींमधील अंतर, मागची-पुढची नोंद तपासते. 'इठोबा'चा 'विठोबा' करण्यासाठी ओढलेली एक रेघ पुरेशी होते आणि खरी नोंदही संशयास्पद ठरते. दावा खोटा ठरल्यास प्रवेश, नोकरी, निवडून आलेले पद सारे गमवावे लागते आणि फौजदारी कारवाईही होऊ शकते. उलट, चुकीसह जशीच्या तशी असलेली नोंद हाच तिच्या अस्सलपणाचा पुरावा असतो. चार कागदांवर चार रूपे असणे एरवी संशयास्पद वाटते. पण चार निरनिराळ्या कारकुनांनी, चार निरनिराळ्या काळांत लिहिलेली नावे तंतोतंत सारखी असती, तर ते अधिक नवलाचे ठरले असते.

ओळख कशाने पटते?

मग 'ग्यानबा' आणि 'ज्ञानोबा' एकच, हे ठरते कशावरून? एकट्या नावावरून नव्हे, नावाभोवतीच्या गोष्टींवरून. बापाचे नाव, गाव, सर्व्हे किंवा गट क्रमांक, भावांची नावे, पत्नीचे नाव आणि काळ यांपैकी तीन-चार गोष्टी दोन्ही कागदांत जुळल्या, तर नावातील एका अक्षराचा फरक गौण ठरतो. आणि या गोष्टी जुळत नसतील, तर नाव शब्दशः सारखे असूनही माणूस वेगळा असू शकतो. एकाच गावात एकाच नावाचे दोघे असणे मुळीच दुर्मीळ नाही.

येथे जमिनीचा क्रमांक फार मोलाचा. माणूस मरतो, नाव बदलते, पण शेत जागच्या जागी राहते. आजच्या गट क्रमांकावरून जुना सर्व्हे क्रमांक काढावा, तेथून फेरफार एकेक मागे नेत खासरा पत्रकापर्यंत जावे. प्रत्येक फेरफारात मयताचे नाव आणि वारसांची नावे असतात; ती म्हणजे कुटुंबाच्या साखळीच्या कड्याच. भूमिहीन कुटुंबांना हा आधार नसतो. त्यांनी शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, गाव नमुना १४, जुनी खरेदीखते किंवा करारावरील साक्षीदारांची नावे, पोलीस व कारागृहाच्या नोंदी अशा वाटा धुंडाळाव्यात. त्र्यंबकेश्वर, पैठण यांसारख्या क्षेत्रांच्या ठिकाणी तीर्थपुरोहितांकडील वह्यांत पूर्वजांची नावे गावासह मिळतात. शासकीय नोंदीइतके वजन त्यांना असेलच असे नाही, परंतु पुढचा शोध कोणत्या नावाने घ्यावा, याची दिशा त्या देतात.

शोध घेताना काही पथ्ये पाळल्यास पुढचा मनस्ताप टळतो. आजपासून मागे जावे. मधली पिढी ओलांडून थेट पणजोबांवर उडी घेऊ नये. प्रत्येक कागदावरील नाव जसे आहे तसेच उतरवावे, 'सुधारून' लिहू नये. वंशावळीच्या शपथपत्रात 'ज्ञानोबा उर्फ ग्यानबा उर्फ ज्ञानदेव' अशी सर्व रूपे द्यावीत आणि कोणते रूप कोणत्या कागदात आहे, हेही नमूद करावे. उर्दू अथवा मोडी कागदाचे वाचन जाणकाराकडून सहीनिशी घ्यावे आणि शंकास्पद अक्षर असल्यास ते शंकास्पद म्हणूनच नोंदवावे. पूर्ण पानाची प्रमाणित नक्कल घ्यावी आणि ती कोणत्या कचेरीतून, कोणत्या बस्त्यातून मिळाली याची टीप ठेवावी. एका भावाचा कागद दुसऱ्याच्या कामी येतो. पितृपक्षाकडील रक्तनातेवाइकाचे वैधता प्रमाणपत्र हा तर पडताळणीत महत्त्वाचा आधार असतो. म्हणून चुलत घराण्यांशी अबोला असेल तर तो सोडणे हे वकिलाकडे जाण्यापेक्षा स्वस्त पडते.

सर्वांत आधी मात्र घरातील म्हाताऱ्या माणसांकडे बसावे. पणजोबांना गावात 'ग्यानबा' म्हणत, थोरल्या चुलत्याने आडनाव का बदलले, आत्याचे माहेरचे नाव काय होते, हे कोणत्याही अभिलेख कक्षात लिहिलेले नाही. दप्तरातील कागद एवढी वर्षे थांबला आहे, तो आणखी महिनाभर थांबेल. ही माहिती सांगणारे माणूस थांबेलच, असे नाही.